फ्रान्झ फॉन पापेन : सत्तेच्या उंबरठ्यावरील एक कॅथलिक मुत्सद्दी

विसाव्या शतकातील जर्मनीचा इतिहास वाचताना हिटलर आणि त्याचे साथीदार यांची नावे वारंवार समोर येतात. त्यांच्या क्रौर्याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही. परंतु त्याच इतिहासात आणखी एक प्रकारची माणसे आढळतात. ती क्रूर नव्हती, अशिक्षित नव्हती, देवाला विसरलेली तर मुळीच नव्हती. दर रविवारी पवित्र मिस्साला हजर राहणारी, घरंदाज, सुसंस्कृत अशी ती माणसे होती. आणि तरीही त्यांच्या हातून सत्तेची किल्ली हिटलरच्या हाती गेली. जर्मनीचे माजी चॅन्सेलर, उपचॅन्सेलर आणि पुढे ऑस्ट्रिया व तुर्कस्तान येथील राजदूत फ्रान्झ फॉन पापेन हे त्यांपैकी सर्वांत ठळक नाव होय. १९३३ साली व्हॅटिकन आणि जर्मनी यांच्यात झालेल्या करारावर जर्मन सरकारच्या वतीने त्यांचीच सही आहे. म्हणूनच त्यांचे चरित्र कॅथलिक वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावे असे आहे.

मिठाच्या खाणाखुणा जपणारे घराणे

फ्रान्झ फॉन पापेन यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८७९ रोजी वेस्टफालिया प्रांतातील वेर्ल या गावी झाला. वेर्ल हे पवित्र मरियेच्या तीर्थस्थानासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील खाऱ्या झऱ्यांपासून मीठ तयार करण्याचा वंशपरंपरागत हक्क ज्या मोजक्या घराण्यांकडे होता, त्यांत पापेन घराणे होते. घर श्रीमंत, उमराव आणि निष्ठावान कॅथलिक होते. बिस्मार्कच्या काळात जर्मनीतील कॅथलिकांना जो छळ सोसावा लागला, त्याची आठवण त्या पिढीत अजून ताजी होती. परंतु पापेन यांच्या घरात प्रशियाच्या राजाविषयीची निष्ठाही तितकीच जागती होती. वडील लष्करात लढलेले होते. धर्म आणि राजनिष्ठा या दोन गोष्टींत कधी विरोध येऊ शकेल, ही कल्पनाच या मुलाच्या बालपणाला शिवली नाही.

शेतीवाडी थोरल्या भावाकडे जाणार असल्याने फ्रान्झ यांना लहान वयातच लष्करी शाळेत घालण्यात आले. कैसरच्या राजवाड्यात काही काळ सेवक म्हणून राहण्याचा मानही त्यांना मिळाला. पुढे ते घोडदळात अधिकारी झाले. उत्तम घोडेस्वार म्हणून त्यांची ख्याती होती. १९०५ साली त्यांचा विवाह मार्था फॉन बोख-गाल्हाऊ यांच्याशी झाला. मार्था या जार प्रांतातील चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रख्यात उद्योजक घराण्यातील कन्या. या विवाहामुळे पापेन यांना संपत्ती लाभली आणि उद्योगपतींच्या वर्तुळाचे दरवाजे त्यांच्यासाठी खुले झाले. या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

वॉशिंग्टनमधील उद्योग

१९१४ च्या आरंभी पापेन वॉशिंग्टन येथील जर्मन वकिलातीत लष्करी अधिकारी म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. परंतु तिच्या कारखान्यांतील दारूगोळा इंग्लंड-फ्रान्सकडे जात होता. तो थांबवण्यासाठी पापेन यांनी हेरगिरी आणि घातपाताचे जाळे विणले. कॅनडातील वेलंड कालवा उडवून देण्याच्या कटातही त्यांचे नाव गुंतले.

याच काळात त्यांचा हिंदुस्थानाशी एक अप्रत्यक्ष संबंध आला. ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदर पक्षाच्या क्रांतिकारकांसाठी अमेरिकेत हजारो बंदुका आणि लक्षावधी काडतुसे खरेदी करण्यात आली. त्या व्यवहारामागे पापेन यांची योजना होती. हा साठा ‘ॲनी लार्सन’ या गलबतावर चढवण्यात आला. समुद्रात दुसऱ्या जहाजाशी त्याची गाठ पडायची होती. ती कधी पडलीच नाही, आणि जून १९१५ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गलबतासह सारा माल जप्त केला. याच गदर चळवळीतील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोर येथे फाशी देण्यात आली.

डिसेंबर १९१५ मध्ये अमेरिकेने पापेन यांना देश सोडण्यास सांगितले. परतीच्या प्रवासात इंग्लंडमधील फालमथ बंदरात ब्रिटिशांनी त्यांचे सामान तपासले. त्यांना स्वतःला अभय होते, त्यांच्या कागदपत्रांना नव्हते. पेटीत धनादेशांची अर्धुके व्यवस्थित जपून ठेवलेली सापडली. कोणाला किती पैसे दिले, याचा तो बिनचूक हिशेब होता आणि त्यामुळे अनेक हस्तक उघडे पडले. आपण फार हुशारीने डाव खेळत आहोत अशी खात्री असलेल्या माणसाचा असा घात होणे, हे त्यांच्या आयुष्यात पुढेही अनेकदा घडायचे होते.

त्यानंतर त्यांनी पश्चिम आघाडीवर आणि मग तुर्की सैन्याबरोबर पॅलेस्टाइनमध्ये लढाईत भाग घेतला. युद्ध संपले तेव्हा ज्या कैसरची त्यांनी शपथ घेतली होती तो परागंदा झाला होता आणि जर्मनी प्रजासत्ताक बनली होती.

पक्षात राहून पक्षाविरुद्ध

लष्कर सोडून पापेन वेस्टफालियात ड्युल्मेनजवळच्या मेरफेल्ड येथील वाड्यात राहू लागले. हा भाग म्युन्स्टर धर्मप्रांतात येतो. शेतकरी संघटनांच्या पाठिंब्याने १९२१ साली ते प्रशियाच्या विधिमंडळात निवडून आले. त्यांचा पक्ष होता झेंट्रुम, म्हणजे केंद्र पक्ष. कॅथलिकांच्या हक्कांसाठी एकोणिसाव्या शतकात जन्मलेला हा पक्ष नव्या प्रजासत्ताकाचा एक आधारस्तंभ होता. त्यात कामगार नेते होते, धर्मगुरू होते, वकील होते आणि जमीनदारही होते. प्रशियात हा पक्ष समाजवादी लोकशाही पक्षाबरोबर सत्तेत सहभागी होता.

पापेन यांना हीच गोष्ट खटकत असे. त्यांना प्रजासत्ताक मनापासून कधीच मान्य झाले नाही. समाजाची रचना उतरंडीची असावी, वर अभिजनांनी राज्य करावे, धर्माने त्या व्यवस्थेला अधिष्ठान द्यावे, अशी त्यांची धारणा होती. बर्लिनच्या ‘गेर्मानिया’ या कॅथलिक दैनिकाचे मोठ्या प्रमाणात भाग विकत घेऊन त्यांनी तेथून आपले विचार मांडले. १९२५ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत त्यांच्याच पक्षाचे विल्हेल्म मार्क्स उमेदवार असताना त्यांनी प्रतिस्पर्धी फील्ड मार्शल हिंडेनबुर्ग यांना पाठिंबा दिला. मार्क्स निष्ठावान कॅथलिक, तर हिंडेनबुर्ग प्रॉटेस्टंट होते. पण पापेन यांना सेनापती अधिक जवळचा वाटला. पक्षाने त्यांना दुय्यम स्थानी ठेवले, मात्र बाहेर काढले नाही.

साडेपाच महिन्यांचे चॅन्सेलर

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने जर्मनीचे कंबरडे मोडले. बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. झेंट्रुमचेच हेन्रिश ब्रूनिंग चॅन्सेलर होते. वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचा त्यांच्यावरील विश्वास मे १९३२ च्या अखेरीस संपला. जनरल कुर्ट फॉन श्लायशर यांनी त्यांच्या जागी एक अनपेक्षित नाव सुचवले, ते पापेन यांचे. देशाच्या संसदेत, म्हणजे राइशटागमध्ये, ते कधी निवडूनही आले नव्हते. श्लायशर यांना आपल्या तंत्राने चालणारा माणूस हवा होता.

पक्षाध्यक्ष लुडविग कास हे धर्मगुरू होते. हे पद स्वीकारणार नाही, असे आश्वासन पापेन यांनी त्यांना दिले. त्यानंतर काही तासांतच हिंडेनबुर्ग यांनी सैनिकी कर्तव्याची आठवण करून देताच त्यांनी ते स्वीकारले. १ जून १९३२ रोजी ते चॅन्सेलर झाले. पक्षाने त्यांना विश्वासघातकी ठरवले. हकालपट्टी होण्याआधी त्यांनी स्वतःच पक्ष सोडला. त्यांच्या मंत्रिमंडळात उमरावांचाच भरणा असल्याने लोकांनी त्याला सरदारांचे मंत्रिमंडळ असे नाव दिले.

त्यांच्या कारकिर्दीच्या खात्यावर एक यश जमा आहे. लोझान येथील परिषदेत जर्मनीवरील युद्धदंडाचा बोजा जवळजवळ संपुष्टात आला. मात्र त्याची पायाभरणी ब्रूनिंग यांनी केली होती. बाकीचे निर्णय दूरगामी आणि घातक ठरले. नाझींच्या तपकिरी गणवेशातील दलावर ब्रूनिंग सरकारने घातलेली बंदी पापेन यांनी उठवली. रस्त्यांवर रक्त सांडू लागले. १७ जुलै रोजी आल्टोना येथे १८ जण ठार झाले. त्याचे निमित्त करून २० जुलै १९३२ रोजी पापेन यांनी प्रशियाचे लोकनियुक्त सरकार बरखास्त केले आणि त्या प्रांताचा कारभार स्वतःकडे घेतला. जर्मनीतील सर्वांत मोठ्या प्रांताचे पोलीस दल एका फटक्यात केंद्राच्या ताब्यात आले. पुढच्याच वर्षी ते कोणाच्या हाती पडणार होते, याची त्यांना कल्पना नव्हती.

३१ जुलैच्या निवडणुकीत नाझी पक्षाला ६०८ पैकी २३० जागा मिळाल्या. १२ सप्टेंबर रोजी राइशटागने पापेन सरकारवर ५१२ विरुद्ध ४२ मतांनी अविश्वास दाखवला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. नाझींच्या जागा १९६ वर घसरल्या, पण पापेन यांचा पाया विस्तारला नाही. १७ नोव्हेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबरच्या आरंभी श्लायशर स्वतःच चॅन्सेलर झाले.

दरवाजा उघडला गेला

दुखावलेला अभिमान हा वाईट सल्लागार असतो. श्लायशर यांनी आपल्याला आणले आणि त्यांनीच घालवले, ही गोष्ट पापेन विसरू शकले नाहीत. ४ जानेवारी १९३३ रोजी कोलोन येथील बँकर कुर्ट फॉन श्रोडर यांच्या घरी त्यांची हिटलरशी गुप्त भेट झाली. नाझी पक्ष त्या वेळी कर्जात बुडालेला होता, त्याची मते घसरत होती. पापेन यांनी त्याच्यासाठी राष्ट्राध्यक्षांचे मन वळवण्याचे काम हाती घेतले. हिंडेनबुर्ग यांना हिटलरविषयी तिटकारा होता. पण पापेन त्यांचे लाडके होते.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला आणि पापेन उपचॅन्सेलर. मंत्रिमंडळात हिटलरखेरीज फ्रिक आणि गोरिंग हे दोनच नाझी होते; बाकीचे पुराणमतवादी. हिटलरला आपण चौकटीत बसवले आहे, दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात ढकलून देऊ, असे पापेन आपल्या परिचितांना सांगत असत. प्रत्यक्षात प्रशियाचे गृहखाते गोरिंगकडे होते, आणि म्हणून आदल्या वर्षी पापेन यांनीच काबीज केलेले पोलीस दलही. २७ फेब्रुवारीला राइशटागच्या इमारतीला आग लागली, दुसऱ्याच दिवशी नागरी स्वातंत्र्ये स्थगित झाली. २३ मार्च रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. झेंट्रुमनेही त्याच्या बाजूने मत दिले. दोन महिन्यांत कोपऱ्यात ढकलले गेले ते पापेन.

व्हॅटिकनशी करार

कॅथलिक समाजाला नव्या राजवटीशी जोडण्याची जबाबदारी पापेन यांनी स्वतःवर घेतली. एप्रिल १९३३ मध्ये ते रोमला गेले. व्हॅटिकनच्या वतीने वाटाघाटी करत होते राज्यसचिव कार्डिनल युजेनियो पाचेली, म्हणजे पुढचे पोप पायस बारावे. जर्मनीत अनेक वर्षे पोपचे प्रतिनिधी म्हणून राहिल्याने त्यांना तो देश चांगला ठाऊक होता. संपूर्ण जर्मनीसाठी एक करार व्हावा ही व्हॅटिकनची जुनी इच्छा होती. प्रजासत्ताकाच्या काळात ती पूर्ण झाली नव्हती.

२० जुलै १९३३ रोजी व्हॅटिकनमध्ये पाचेली आणि पापेन यांनी करारावर सह्या केल्या. प्रशियाचे सरकार बरखास्त केल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. करारानुसार ख्रिस्तसभेला उपासनेचे स्वातंत्र्य, कॅथलिक शाळा, धर्मशिक्षण आणि कॅथलिक संघटना यांना संरक्षण मिळाले. त्या बदल्यात धर्मगुरूंनी राजकीय पक्षांपासून दूर राहायचे होते. झेंट्रुम पक्षाने तर ५ जुलै रोजीच स्वतःचे विसर्जन केले होते. सुमारे साठ वर्षे कॅथलिकांचा आवाज असलेला पक्ष संपला आणि त्याच्या जागी एक कागद आला.

त्या कागदाचे मोल काय, हे लवकरच दिसून आले. १४ जुलैच्या ज्या बैठकीत मंत्रिमंडळाने कराराला मान्यता दिली, त्याच बैठकीत आनुवंशिक आजार असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदाही मंजूर झाला. करारावर सह्या होईपर्यंत तो जाहीर करण्यात आला नाही. पुढे कॅथलिक युवक संघटना दडपल्या गेल्या, वृत्तपत्रे बंद पडली, धर्मगुरूंवर खटले भरले गेले. अखेर पोप पायस अकरावे यांनी मार्च १९३७ मध्ये जर्मन भाषेत परिपत्र लिहून करारभंगाचा जाहीर निषेध केला. ते गुप्तपणे देशात पोहोचवण्यात आले आणि झावळ्यांच्या रविवारी जर्मनीतील चर्चमधून वाचले गेले.

या कराराविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. त्यामुळे ख्रिस्तसभेला निषेधासाठी कायदेशीर आधार मिळाला, असे काही म्हणतात. हिटलरला जगात प्रतिष्ठा मिळाली आणि जर्मन कॅथलिकांच्या मनातील विरोध मावळला, असे इतर म्हणतात. दोन्ही विधानांत तथ्य आहे. पापेन यांच्यापुरते बोलायचे, तर सही करताना त्यांनी ज्या माणसाच्या शब्दाची हमी घेतली, त्याचा शब्द किती टिकतो हे त्यांना मागील सहा महिन्यांत दिसून आले होते.

मारबुर्गचे भाषण आणि ३० जून

१९३४ च्या उन्हाळ्यापर्यंत पापेन यांच्या कार्यालयात काही तरुण सहकारी अस्वस्थ झाले होते. लेखक व वकील एडगर युंग आणि वृत्तविभागाचे प्रमुख हर्बर्ट फॉन बोझ हे त्यांतले प्रमुख. युंग यांनी एक भाषण लिहिले आणि १७ जून १९३४ रोजी मारबुर्ग विद्यापीठात पापेन यांनी ते वाचून दाखवले. नाझी दहशत, एकपक्षीय वृत्ती आणि धर्मावरील आक्रमण यांवर त्यात उघड टीका होती. हिटलरच्या राज्यात उच्चपदस्थाने जाहीरपणे केलेला तो शेवटचा मोठा निषेध ठरला. श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गोबेल्सने भाषणाच्या प्रसिद्धीवर बंदी घातली.

किंमत मोजली ती इतरांनी. २५ जून रोजी युंग यांना अटक झाली. ३० जून रोजी हिटलरने आपल्या विरोधकांची कत्तल सुरू केली. बोझ यांना उपचॅन्सेलरच्या कार्यालयातच गोळ्या घातल्या गेल्या. युंग यांनाही ठार करण्यात आले. श्लायशर आणि त्यांच्या पत्नी यांचा घरात खून झाला. बर्लिनमधील कॅथलिक ॲक्शनचे प्रमुख एरिश क्लाउझेनर हे प्रापंचिक नेते वाहतूक मंत्रालयातील आपल्या टेबलाशी बसले असता मारले गेले. सहाच दिवसांपूर्वी हॉपेगार्टन येथील कॅथलिक मेळाव्यात त्यांनी हजारो श्रद्धावंतांसमोर भाषण केले होते. त्यांनी आत्महत्या केली, असे सरकारने खोटेच जाहीर केले. त्यांच्या अस्थी आज बर्लिनच्या मरिया रेजिना मार्टिरम या चर्चमध्ये विसावल्या आहेत.

पापेन यांना तीन दिवस घरात नजरकैदेत ठेवण्यात आले. ते वाचले. आपल्या लोकांच्या हत्येनंतर त्यांनी उपचॅन्सेलरपद सोडले, पण हिटलरची सेवा सोडली नाही. २५ जुलै रोजी व्हिएन्नात नाझी बंडखोरांनी ऑस्ट्रियाचे कॅथलिक चॅन्सेलर एंगेलबर्ट डोल्फुस यांचा खून केला. जगाचा संताप शांत करण्यासाठी हिटलरला तेथे एक प्रतिष्ठित कॅथलिक चेहरा हवा होता. बोझ आणि युंग यांच्या मृत्यूला महिनाही उलटला नव्हता. पापेन यांनी होकार दिला. राजकारणी पापेन यांचा शेवट आणि मुत्सद्दी पापेन यांचा आरंभ असा झाला.

व्हिएन्नातील चार वर्षे

व्हिएन्नात त्यांनी मृदुभाषी राजदूताची भूमिका उत्तम वठवली. ११ जुलै १९३६ रोजी जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात करार झाला. त्यात ऑस्ट्रियाचे स्वातंत्र्य मान्य होते. मात्र तेथील नाझींना हळूहळू सत्तेच्या जवळ आणण्याची सोयही होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर कुर्ट शुशनिग यांना हिटलरच्या भेटीला बेर्ख्तेसगाडेन येथे नेण्याची व्यवस्था पापेन यांनीच केली. त्या भेटीत शुशनिग यांना धमकावून अटी मान्य करायला लावण्यात आले. महिनाभरात, १२ मार्च रोजी, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात घुसले.

त्यानंतर व्हिएन्नाचे कार्डिनल थिओडोर इन्निट्झर हिटलरला भेटले. ती भेट घडवण्यातही पापेन यांचा हात होता. कार्डिनलांना चर्चच्या सुरक्षिततेची आशा होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये नाझी तरुणांनी त्यांच्याच निवासस्थानात घुसून तोडफोड केली.

सर्वांत वेदनादायक घटना पापेन यांच्या वकिलातीतच घडली. त्यांचे तरुण सहकारी विल्हेल्म फॉन केटेलर यांनी त्यांची गोपनीय कागदपत्रे सुरक्षितपणे स्वित्झर्लंडला नेली होती. सैन्य व्हिएन्नात शिरताच केटेलर बेपत्ता झाले. काही आठवड्यांनी डॅन्यूब नदीत त्यांचा मृतदेह सापडला. गेस्टापोने त्यांचा खून केला होता. पापेन यांनी चौकशीची मागणी केली, ती फेटाळण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी हिटलरकडून नाझी पक्षाचे सुवर्णपदक स्वीकारले.

तुर्कस्तान आणि आर्चबिशप रोंकाल्ली

एप्रिल १९३९ मध्ये पापेन राजदूत म्हणून अंकारा येथे गेले. तुर्कस्तानला मित्रराष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरू न देणे हे त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी कौशल्याने केले. जून १९४१ मध्ये दोन्ही देशांत मैत्री करार झाला. २४ फेब्रुवारी १९४२ रोजी अंकाराच्या रस्त्यावर पत्नीसह चालत असताना त्यांच्यावर बॉम्ब टाकण्याचा प्रयत्न झाला. बॉम्ब हल्लेखोराच्या हातातच फुटला. पापेन दांपत्य किरकोळ जखमांवर बचावले. त्यामागे सोव्हिएत हेरखाते होते. १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश राजदूताचा नोकर एलियेसा बाझ्ना मालकाच्या तिजोरीतील कागदांची छायाचित्रे जर्मनांना विकू लागला. ‘सिसेरो’ या टोपणनावाने हे प्रकरण पुढे जगभर गाजले.

तुर्कस्तानात त्या वेळी पोपचे प्रतिनिधी होते आर्चबिशप आंजेलो रोंकाल्ली, म्हणजे पुढचे पोप जॉन तेविसावे. पापेन त्यांच्या मिस्साला उपस्थित राहत आणि दोघांत परिचय वाढला. रोंकाल्ली यांनी त्या काळात युरोपातून पळून आलेल्या यहुदी निर्वासितांसाठी मोठे कार्य केले. यहुदींच्या बचावात आपलाही वाटा होता, असे पापेन यांनी पुढे सांगितले. या दाव्यात किती तथ्य आहे, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये तुर्कस्तानने जर्मनीशी संबंध तोडले आणि पापेन मायदेशी परतले. तोवर हिटलरविरोधी कटातील त्यांच्या ओळखीचे अनेक जण फासावर जात होते. हिटलरने पापेन यांना मात्र आणखी एका पदकाने गौरवले.

न्युरेंबर्गचा निकाल

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी त्यांना वेस्टफालियात पकडले. न्युरेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर कट रचणे आणि आक्रमक युद्धाची तयारी करणे असे दोन आरोप त्यांच्यावर होते. १ ऑक्टोबर १९४६ रोजी ते निर्दोष सुटले. ऑस्ट्रियात त्यांनी कारस्थाने केली, दडपण आणले, हे न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु अशी राजकीय अनैतिकता न्यायाधिकरणाच्या सनदेनुसार गुन्हा ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोव्हिएत न्यायाधीशाने असहमती नोंदवली. फेब्रुवारी १९४७ मध्ये जर्मन न्यायालयाने त्यांना प्रमुख अपराधी ठरवून आठ वर्षांची श्रमशिक्षा दिली. अपिलानंतर जानेवारी १९४९ मध्ये त्यांची सुटका झाली.

१९५२ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात स्वतःच्या निर्णयांचे समर्थन भरपूर आहे, पश्चात्ताप फारसा नाही. पोपच्या दरबारातील मानाचे एक जुने पद त्यांच्याकडे होते. पोप पायस बारावे यांनी त्याचे नूतनीकरण केले नव्हते. १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी ते त्यांना परत दिले. २ मे १९६९ रोजी बाडेनमधील ओबरझासबाख येथे वयाच्या ८९ व्या वर्षी पापेन यांचे निधन झाले. जार प्रांतात, पत्नीच्या माहेरच्या परिसरातील वॉलरफांगेन येथे त्यांचे दफन झाले.

एकाच मातीतील दोघे

पापेन यांच्या चरित्राशेजारी आणखी एक चरित्र ठेवून पाहावे. क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांचा जन्म १८७८ चा, पापेन यांच्याहून अवघ्या दीड वर्षाने आधीचा. तेही उत्तर-पश्चिम जर्मनीतील कॅथलिक उमराव घराण्यातील. त्यांनाही प्रजासत्ताकाविषयी फारसे प्रेम नव्हते, तेही देशभक्त आणि पुराणमतवादी होते. १९३३ साली, करारानंतर, ते म्युन्स्टरचे बिशप झाले. पापेन यांचे मेरफेल्ड त्यांच्याच धर्मप्रांतात होते. १९४१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी व्यासपीठावरून तीन प्रवचने दिली. गेस्टापोने मठांवर केलेल्या जप्तीचा आणि अपंग व मनोरुग्णांच्या हत्येचा त्यांनी जाहीर धिक्कार केला. प्रवचनांच्या प्रती हातोहात देशभर पसरल्या. त्याच महिन्यात हिटलरला ती हत्यामोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली, जरी छुप्या रीतीने ती पुढेही चालू राहिली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, ९ ऑक्टोबर २००५ रोजी, गालेन यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले.

दोघांचा वर्ग एक, भाषा एक, उपासनाविधी एक. गालेन यांनाही काही प्रश्नांवर उशीर झाला, काही प्रश्नांवर ते गप्प राहिले, हे त्यांचे चरित्रकारही मान्य करतात. तरीही एका क्षणी त्यांनी आपल्या पदाची आणि जिवाची पर्वा न करता नाही म्हटले. पापेन यांच्यासमोर असे क्षण अनेकदा आले. बोझ यांच्या रक्ताने माखलेले कार्यालय, क्लाउझेनर यांचे रिकामे टेबल, डॅन्यूबमधून निघालेला केटेलर यांचा देह. प्रत्येक वेळी ते दुखावले, प्रत्येक वेळी त्यांनी निषेधाचे पत्र लिहिले, आणि प्रत्येक वेळी नवे पद स्वीकारले. आपण आत राहिलो तर अधिक वाईट टाळता येईल, असे ते स्वतःला समजावत राहिले. ही समजूत त्यांना वॉशिंग्टनपासून अंकारापर्यंत पुरली.

प्रिय वाचकहो, पापेन यांनी आपला धर्म कधी नाकारला नाही. त्यांच्यासाठी तो घराण्याचा वारसा होता, समाजाच्या व्यवस्थेचा पाया होता, प्रतिष्ठेचा भाग होता. अन्याय करणाऱ्या सत्ताधीशासमोर उभे राहून त्याला जाब विचारणारा विवेकाचा आवाज मात्र तो क्वचितच झाला; मारबुर्गला एकदा झाला, तोही दुसऱ्याने लिहिलेल्या शब्दांत. न्यायालयाने त्यांना गुन्हेगार ठरवले नाही, आणि आपणही त्यांच्या आत्म्याचा न्याय करू नये. तो परमेश्वराचा अधिकार आहे. पण आपल्या गावात, संस्थेत किंवा देशात एखादी बलाढ्य व्यक्ती सन्मानाचे आसन देऊ करते, तेव्हा त्या आसनाशेजारी कोणाची जागा रिकामी झाली आहे, एवढे तरी पाहून घ्यावे. क्लाउझेनर यांच्या अस्थी ज्या चर्चमध्ये आहेत, तेथे आजही भाविक प्रार्थनेसाठी थांबतात.